मी तीनदा काढलेली ओळ

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर जवळा निवडला. म्हणजे निवडत ती होती. मी कॉम्प्युटरसमोर बसून वाचून दाखवत होतो. आमच्या घरात यालाच दोघांनी मिळून निवडणं म्हणायचे.

संध्याकाळची वेळ, दिवे नुकतेच लागलेले. गुणाबाई, माझी बायको, खाली पाय पसरून बसलेली. मांडीवर सूप, सुपात सुका जवळा. वाळू, काड्या, शिंपल्यांचे तुकडे ती न बघता नुसत्या बोटांनी बाजूला करायची. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. म्हणून त्या इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात दिवसभरात कोणी काय लिहिलं, कोणी काय खोडलं, कोण कोणाला काय बोललं, ते मी रोज संध्याकाळी तिला वाचून दाखवायचो. शेजारणी सिरियल बघायच्या, आमच्याकडे हे चालायचं.

"आज कोण भांडतंय?" तिनं विचारलं.

"भांडण नाही. मिठागराच्या पानावर तो आकडेवाला परत आलाय."

या ज्ञानकोशात जो आपलं नाव न सांगता लिहितो, त्याच्या नावाच्या जागी नुसते आकडे दिसतात. असा एक आकडेवाला महिन्याभरात तिसऱ्यांदा तीच ओळ टाकून गेला होता. दोनदा मीच काढली होती.

"काय लिवलंय त्यानं?"

मी वाचलं. वाचताना थोडं सोंग आणून वाचलं, हेही सांगून टाकतो. "आगराचा तळ बाया पायांनी तुडवून बसवत. एकमेकींच्या कमरेला धरून रांगेनं फिरत. ज्या बाईची टाच फुटली असेल तिला बांधाकडची जागा देत, तिथं पाणी कमी झोंबे."

"मग? खोटं हाय काय त्यात?"

"खरंखोटं मी कुठे ठरवतो? पुस्तक दाखवलंय का त्यानं? उद्या कोणी लिहील, आगरात हत्ती नाचवत. तेही ठेवू? आणि टाचा कसल्या ज्ञानकोशात लिहायच्या?"

"पुस्तकवाला आगरात उतरला होता काय?"

"नियम आहे."

"नियमाची टाच कवा फुटली हाय?"

मी हसलो आणि ओळ काढली. काढताना कारण लिहायची एक चौकट असते. तिच्यात मोठ्यानं म्हणत लिहिलं, 'ऐकीव माहिती. पुन्हा टाकल्यास अडवण्यात येईल.'

"काढलं?"

"काढलं."

"बरं." थोडा वेळ ती सूप हलवत राहिली. मग म्हणाली, "यंदा जवळ्यात वाळू फार हाय. ऱ्हायलेला उद्या बगू. च्या ठेवू?"

"ठेव."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेली.

आता या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं की, काका, तुमच्या ज्ञानकोशातल्या कामाचे अनुभव लिहा, वाचकांना प्रेरणा मिळेल. प्रेरणा माझ्याकडे नाही. मी सहावी नापास माणूस. कामाचं सांगतो, त्यातून कोणाला काय मिळायचं ते मिळो.

पनवेलच्या एका छापखान्यात मी खिळे जुळवायचो. नवीन लोकांना हे ठाऊक नसेल. पूर्वी एकेक अक्षर शिशाचं असायचं, त्याला खिळा म्हणत. खणांच्या लाकडी ट्रेमधून एकेक खिळा उचलायचा आणि ओळ लावायची, तीही उलटी, आरशात दिसते तशी. तेराव्या वर्षी झाडू मारायला लागलो, पंधराव्या वर्षी खिळ्यांना हात लावायला मिळाला. जे काही वाचायला शिकलो ते उलटं शिकलो. म्हणून माझं एक झालं, मजकुरावर माझा कधी जीव जडला नाही. लग्नपत्रिका काय, तेराव्याचं कार्ड काय, माझ्या दृष्टीनं ओळी भरल्या की नाही एवढंच.

मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो. निवडणूक आली की सकाळी एका उमेदवाराचं पत्रक, दुपारी त्याच्या विरोधकाचं. सकाळी मी 'गोरगरिबांचा कैवारी' जुळवायचो. दुपारी तेच खिळे सोडवून 'गोरगरिबांचा वैरी' लावायचो. नवीन होतो तेव्हा एकदा म्हटलं, अण्णा, हे बरं दिसतं का? अण्णा म्हणाले, "खिळ्याला पक्ष नसतो. ज्याला पक्ष पाहिजे त्यानं बाहेर जाऊन घोषणा द्याव्यात." तटस्थपणा म्हणजे काय, यावर पुढे त्या ज्ञानकोशात विद्वानांची लांबलांब प्रवचनं वाचली. अण्णांच्या त्या वाक्यापुढे एकही गेलं नाही.

पुढे खिळे भंगारात गेले आणि कॉम्प्युटर आला. मी तोही शिकलो, कारण पोट होतं. मग छापखाना बंद झाला आणि मी घरी बसलो. दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. मुलगा राजेश खारघरला राहायला गेला होता. तो आपला जुना कॉम्प्युटर घेऊन आला. "बाबा, टाइमपास होईल. नाक्यावर जाऊन बसण्यापेक्षा बरं," म्हणाला. त्यानंच तो ज्ञानकोश दाखवला. यात कोणीही लिहावं, कोणीही सुधारावं, पगार कोणालाच नाही.

मी म्हटलं, ही काय धर्मशाळा आहे? पण पनवेलचं पान उघडलं तर त्यात एकाच वाक्यात तीन चुका. प्रुफं वाचण्यात जन्म गेलेल्या माणसाला चूक दिसली की दाताखाली खडा आल्यासारखं होतं. 'संपादन' लिहिलेलं बटण दाबलं आणि चुका काढल्या. तेवढ्यात कोणीतरी 'आपले स्वागत आहे' असा संदेश पाठवला. पन्नास वर्षांत मला कामावर कोणी स्वागत म्हटलं नव्हतं. फुकट काम करणाऱ्याचंच स्वागत होतं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

मी माझं नाव तिथे 'खिळेजुळारी' असं ठेवलं. रोज सकाळी चहा झाला की बसायचं आणि लोकांनी केलेली घाण निपटायची. दीडेक वर्षात त्यांनी मला प्रचालक केलं. प्रचालक म्हणजे फार मोठं काही नाही. झाडूवाल्याच्या हातात कुलूप दिलं की त्याला प्रचालक म्हणतात. पान कुलूपबंद करता येतं, दंगा करणाऱ्याला काही दिवस बाहेर ठेवता येतं. गुणाबाईनं साऱ्या आळीत सांगितलं, "आमच्या यांना पायरी चडवली." पगार किती वाढला, असं शेजारच्या बाईनं विचारलं. 

आता या कामात माणसं कशी भेटतात ते सांगतो. नाव कोणाचंच घेणार नाही, कारण नाव घ्यावं अशी त्यातली कोणाची लायकी नाही.

आमच्याकडचा एक पुढारी होता. त्याच्या पानावर त्याच्या माणसांनी लिहिलेलं, 'जनतेच्या गळ्यातील ताईत, विकासाचा महामेरू.' विरोधकांनी लिहिलेलं, 'जमिनी गिळणारा अजगर.' दिवसभर एकानं मेरू टाकायचा, दुसऱ्यानं अजगर टाकायचा. मी मेरू काढला आणि अजगरही काढला. पान कुलूपबंद करून पहिल्या वाक्यात फक्त 'राजकारणी' एवढं ठेवलं.

तिसऱ्या दिवशी दारात मोटारसायकल. पनवेलमध्ये इंटरनेटवर कितीही टोपणनाव घ्या, उरण नाक्यावर विचारलं की घर सापडतं. हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन एक गोरागोमटा तरुण.

"काका, मी साहेबांचा पुतण्या."

"पेढ्यांवरून वाटलं."

"तुम्ही 'गळ्यातील ताईत' काढलंत."

"ताईत गळ्यात बांधतात. ज्ञानकोशाला कुठे गळा आहे?"

"आणि त्याजागी नुसतं 'राजकारणी' ठेवलंत. काका, शिवी दिल्यासारखं वाटतं हो ते."

"तसं का वाटतं ते तुमच्या काकांना विचारा. मी फक्त धंदा लिहिलाय."

तो म्हणाला, "तुमच्या मुलाचं काही काम असेल तर सांगा." तेव्हा मी बॉक्स उचलून त्याच्या हातात दिला. आतून गुणाबाई म्हणाली, "अवो, खिळ्याला पक्ष नसतो तर पेढ्याला कुठं असतो? ठेवून जाऊंदे त्याला." पेढे परत गेले. तिचं तोंड दोन दिवस वाकडं होतं. आठवड्यानं पुढाऱ्याच्या विरोधातला एक माणूस एस.टी. स्टँडवर भेटला आणि म्हणाला, "काय, पेढे गोड होते ना?" बिनपेढ्यांचा मी पेढेखाऊ ठरलो. तटस्थ माणसाची कमाई म्हणजे ही.

दुसरी गोष्ट खाडीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या गावाची. देवी मूळची कोणाची, यावर भांडण. अलीकडचे म्हणत, देवी आमच्या जाळ्यात आली, पलीकडच्यांना आम्ही नंतर तिची स्थापना करू दिली. पलीकडचे बरोबर याच्या उलट म्हणत. गावातल्या शिकलेल्या पोरांनी नोकरीच्या जागी बसून मालकाच्या कॉम्प्युटरवर हे युद्ध चालवलं. ज्यांना देवीच्या जत्रेला सुट्टी काढायला जमत नाही, ते तिच्यासाठी रक्त सांडायला तयार. मी दिवसभर दोन्हीकडची प्रकरणं वाचत बसलो, जेवायचं राहिलं.

गुणाबाई ताट घेऊन आली. "देवी दोनीकडं जेवते," ती म्हणाली. "तुमी कशाला उपाशी?"

हे तिनं जेवणासाठी सांगितलं होतं, पण मला रस्ता मिळाला. मी लिहिलं, 'अलीकडच्या गावात असे मानतात की… पलीकडच्या गावात असे मानतात की…' दोन्ही वाक्यं एकाच लांबीची ठेवली. खिळे मोजून लावतात तशी मोजली. दोन्ही गावांनी मला शिव्या दिल्या, त्याही साधारण एकाच लांबीच्या. पान मात्र शांत झालं.

म्हणजे या कामातली अक्कल अर्धी माझी आणि अर्धी तिची होती. पण नाव 'खिळेजुळारी'चं व्हायचं. तेव्हा याचं मला काही वाटलं नाही.

आता खरा मुद्दा. मघाच्या त्या मिठागराच्या पानाचा.

आधी नियम समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. ज्ञानकोशात लिहिलेल्या गोष्टीला छापील आधार लागतो. पुस्तक, वर्तमानपत्र, असं काही. त्याला संदर्भ म्हणतात. आधार नसला तर माझ्यासारख्या झाडूवाल्याला दोन गोष्टी करता येतात. एक, वाक्य काढून टाकायचं. दोन, वाक्य राहू द्यायचं आणि त्याच्या शेवटी कंसात 'संदर्भ हवा' अशी चिठ्ठी लावायची. म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे अजून सिद्ध व्हायचंय, आणि ज्याला माहीत असेल तो आधार आणून देतो. काढायचं की चिठ्ठी लावायची, हे बघणाऱ्यावर असतं. म्हणजे माझ्यावर.

मिठागराचं पान एका शहरातल्या निवृत्त प्राध्यापकानं लिहिलं होतं. टोपणनाव 'ज्ञानपिपासू'. तहान केवढी, तर कोणाच्याही पानावर जाऊन पाणी मागायचं. त्याची भाषा अशी की वाक्य वाचून संपेपर्यंत चहा गार. त्यानं लिहिलेलं, 'मजूर तळ चोपून घेत असत.' कोणते मजूर, कशानं चोपत, काही नाही. मीठ त्यानं ताटात डाव्या बाजूला वाढलेलं सोडून कुठे पाहिलं असेल, याची मला शंका आहे. संदर्भ त्यानं दिलेला नव्हता. मी त्याला अदबीनं विचारलं. त्यानं उत्तर दिलं, 'सवडीने देईन.' मी त्याच्या वाक्याला चिठ्ठी लावली आणि थांबलो. त्याला सवड झाली नाही. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, वाक्य चिठ्ठी लावून आरामात बसलेलं. मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. प्राध्यापक माणूस, त्याच्याकडे पुस्तकं असणारच, असं मनात.

आणि मग तो आकडेवाला. पहिल्यांदा ओळ आली तेव्हा मी क्षणभर थांबलो होतो. चिठ्ठी लावावी का, असा विचार आलाही. मग म्हटलं, नाव नाही, गाव नाही, भाषा गावंढळ, आणि ज्ञानकोशात टाचा. झाडू फिरवला. दुसऱ्यांदा फिरवला. तिसऱ्यांदा धमकी दिली. ते तुम्ही सुरुवातीला वाचलंच.

गुणाबाईचं माहेर जासईकडचं, मिठागरात राबणाऱ्यांचं. लहानपणी ती आगरात गेली होती, हे मला ठाऊक होतं. ती माझ्यापासून चार हात लांब बसली होती. मी तिला विचारलं नाही. विचारून उपयोगही नव्हता, असं मी स्वतःला सांगत आलोय, कारण घरच्या माणसाच्या तोंडचं आमच्याकडे पुरावा धरत नाहीत. पण सगळं पुराव्यासाठीच विचारायचं असतं काय? माहीत करून घ्यायला विचारता आलं असतं. एवढं लग्नाचं आयुष्य गेलं, मी तिला कधी म्हटलं नाही की, बाई, आगरात तुमचं काम काय असायचं ते सांग. मी वाचायचो आणि ती ऐकायची, अशी आमची विभागणी.

ती गेली त्या दिवशी दुपारपर्यंत माणसं जमली. सवाष्ण गेली म्हणून बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. तिची धाकटी बहीण मंदा जासईहून आली होती. नवरा तिचा कंटेनरच्या यार्डात कामाला. मंदा नववीपर्यंत शिकलेली, हातात मोठा मोबाइल. बहिणीचे पाय पुसताना ती मधेच थांबली. तिच्या बोटांखाली त्या टाचा होत्या. आडव्या उभ्या चिरा, सुकलेल्या खाजणातल्या मातीसारख्या. त्या चिरांत गुणाबाई थंडीच्या दिवसात मेण वितळवून भरायची. मी कितीदा पाहिलं असेल. मंदानं माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पाय पुसायला लागली.

तिला पोचवून आलो. आंघोळी झाल्या. संध्याकाळी शेजाऱ्यांकडून पिठलंभात आला, तो कोणी खाल्ला, कोणी नाही. राजेश कोपऱ्यात मोबाइलवर नातेवाइकांना उत्तरं देत होता. मंदा माझ्यासमोर येऊन बसली.

"दाजी, एक सांगू? रागवाल."

"आता कशाला रागावू?"

"ती मिठाची ओळ. तुमी तीनदा काढलीत ती. ती ताईची होती."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, कसली ओळ?

"ताई माज्याकडं आली होती ना माहेरपणाला? तवा ती बोलत गेली, मी मोबाइलवर टाइप केली. मग दुसऱ्यांदा फोनवर बोलली, परत टाक. तिसऱ्यांदा काल."

"मला का नाही सांगितलं?"

"मी बोलले ना तिला. दाजीच तर तिथले साहेब हायेत, त्यांना सांग की. तर ती बोलली, नको. माजं हाय कळलं तर बायकोचं म्हणून ठेवतील. मना बगायचंय, कोणाचं हाय ते न सांगता ऱ्हातंय काय."

 मंदा पुढे म्हणाली, "तिसऱ्यांदा काढलं तवा तिचा फोन आला होता. संध्याकाळी, च्या उकळत ठेवून. हसत होती. बोलली, मंदे, काढलंन गं. आपल्याला अडवणार हाय म्हणे."

"रागावली होती?"

"नाय ओ. बोलली, माणूस इमानदार हाय, कोणालाच सोडत नाय."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. कारण हे खोटं होतं, आणि ती हे खरं मानून गेली होती. मी सोडलं होतं. ज्ञानपिपासूला सोडलं होतं. त्याच्याही वाक्याला संदर्भ नव्हता आणि हिच्याही. त्याला मी चिठ्ठी लावून दोन वर्षं बसायला पाट दिला, हिला तीन वेळा झाडू मारला. पुढाऱ्याच्या पुतण्याचे पेढे परत करणारा मी, प्राध्यापकाच्या नुसत्या टोपणनावापुढे वाकलो. अण्णा असते तर म्हणाले असते, खिळ्याला पक्ष नसतो, पण जुळाऱ्याला लाज असावी. जन्मभर ज्यांना हसलो, त्या सगळ्या लोकांपेक्षा मी काही वेगळा निघालो नाही. ते निदान उघड बाजू घेत होते.

आता ओळ परत ठेवायची तर बायकोचं म्हणून ठेवल्यासारखं होणार, आणि तिला नेमकं तेच नको होतं. नाही ठेवावी तर ती गेली ती गेलीच. मंदाला विचारलं, आगरात तुडवायला जाणाऱ्या अजून कोणी बाया आहेत का? ती म्हणाली, असतील एकदोन, पण त्यांचं तरी कुठल्या पुस्तकात लिवलंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारून चहाची किटली आली. पाहुणे उठत होते. मी कॉम्प्युटरवरचा उशीचा जुना अभ्रा काढला. धूळ बसू नये म्हणून तो गुणाबाईनंच घातला होता. बटण दाबलं.

राजेश धावत आला. "बाबा, प्लीज. लोक बसलेत बाहेर. काय म्हणतील? आई जाऊन एक दिवस नाही झाला."

"म्हणू दे. बायकोला पोचवून आला आणि कॉम्प्युटरवर बसला, हेच म्हणतील ना? त्याला संदर्भ आहे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडतंय."

तो बाहेर पाहुण्यांकडे गेला. मंदा दाराला टेकून उभी होती.

मिठागराचं पान उघडलं. प्रत्येक पानाच्या मागे त्याचा इतिहास असतो. कोणी कधी काय टाकलं, काय काढलं, सगळं तिथे राहतं, पुसलं जात नाही. त्यात तीन ठिकाणी आकडे आणि प्रत्येक आकड्याच्या पाठोपाठ 'खिळेजुळारी'. आमच्या दोघांचा एकत्र असा हा एकच लेखी पुरावा असेल. लग्नाची पत्रिका आम्ही छापली नव्हती.

ओळ परत ठेवली. मोडकीतोडकी वाक्यं सरळ करायची माझी सवय, पण एका शब्दाला हात लावला नाही. जशी मजकुराची प्रत हातात आली तशी जुळवली. शेवटी कंसात चिठ्ठी लावली, 'संदर्भ हवा'. ज्ञानपिपासूच्या वाक्याला होती तीच.

"ताईचं नाव टाकणार काय?" मंदानं विचारलं.

"नाही."

"मग आता ऱ्हाईल ना ती?"

"ते माझ्या हातात नाही. कोणीही काढू शकतो. पण काढायची तर आधी प्राध्यापकाची काढावी लागेल."

कारणाची चौकट राहिली होती. तिच्यात लिहिलं, 'आधी तीनदा काढली ती माझी चूक. 'मजूर' या वाक्याला जेवढी मुदत दिली, तेवढीच या ओळीला.' आणि 'जतन करा' दाबलं.

मग उठलो. सूप भिंतीशी तसंच होतं, अर्धा जवळा निवडायचा राहिलेला. सुतकात खाणार कोणी नव्हतं. तरी घेऊन खाली बसलो आणि निवडायला लागलो. वाळू खरंच फार होती.